खेकडीच्या वरच्या लिंका

७ फेब्रुवारी

लिफ्टवाले यांस,

खोकं पोचलं. कुरियरवाला सहीसाठी दारात उभा होता, मला वाटलं मुलीने ती शिकवते त्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी काही मागवलं असेल. उघडलं तर आत आपली खेकडी, स्पर्धेची गाडी. चाकांभोवती फोम, रिमोट वेगळ्या पिशवीत, बॅटऱ्या टेप लावून गुंडाळलेल्या. आणि वर तुमची चिठ्ठी: 'ही आपल्याकडेच असावी. सेटिंग करून दिलं आहे. स्पर्धेतून जोडीचं नाव काढून घेतलं आहे.' ना मायना, ना सही. बंद पडलेल्या लिफ्टवर पाटी अडकवावी तशी चिठ्ठी.

घटस्फोट तुमचा आणि माझ्या मुलीचा झाला. मी त्यात कुठे होते? मला कुणी बोलावलं नाही, माझी सही कुणी घेतली नाही. मग खेकडीबरोबर मलाही परत का करता? नाव दोघांचं होतं, काढण्याआधी निदान विचारायचं तरी. सासूबाईंना अवघड वाटेल, असं तुम्ही मनाशीच ठरवून मोकळे झालात. मला मुळीच अवघड वाटत नव्हतं. आता वाटतंय, कारण क्लबातला तो दाढीवाला परवा भाजीच्या दुकानात भेटला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, खेळणं सोडलंत म्हणे?" मी हातातली कोबी खाली ठेवून तशीच घरी आले.

तुमचं दोघांचं का बिनसलं ते मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. मुलगी माझ्याकडे राहायला आली, मी तिची खोली झाडून दिली, एवढंच माझं काम. तुम्हाला फोन करणार नाही असं मी तिला कबूल केलंय. पत्राचा विषय निघाला नव्हता.

अक्षर वेडंवाकडं दिसेल, पेन नवीन आहे. कोपऱ्यात चहा सांडलाय तो रागाच्या भरात.

तुमची सासू
(त्याच्या आधी कुठलाही शब्द मी लावणार नाही)

१६ फेब्रुवारी

लिफ्टवाले यांस,

उत्तर नाही. बरं, तोंड मिटून ऐका.

रविवारी खेकडीला घेऊन खाणीत गेले. एकटी. बसमध्ये शेजारच्या बाईने पिशवीतून डोकावणारी चाकं बघितली आणि विचारलं, नातवाची का? मी म्हटलं, माझी. मग तिला सगळं सांगत बसावं लागलं. ही मांजराएवढी गाडी पळत नाही, चढते. जुन्या दगडखाणीत आम्ही दगडांमध्ये काठ्या रोवून फाटकं करतो, त्यांतून तिला काठीला न शिवता, न उलटता काढायचं. चालक रिमोट घेऊन दोरीमागे उभा राहतो. त्याला दगडाआडचं दिसत नाही, म्हणून जोडीतला दुसरा, वाटाड्या, आत वाकून हाताने दिशा दाखवतो. "मग तुम्ही वाटाड्या असाल," ती म्हणाली. मी चालक आहे म्हटल्यावर तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेली.

खाणीत काय बघितलं ते सांगते. खेकडी मवाळ झालीय. पूर्वी रिमोटचा ट्रिगर ओढला की पाठ उचलून दगडाला चावायची. आता ओढला की मागे जराशी बसते आणि परवानगी मागितल्यासारखी सावकाश निघते. उभ्या कातळावर तर पुढची चाकं हलकी होऊन हवेत चाचपडत राहतात. म्हातारीला झेपेल अशी करून पाठवलीत ना?

लिंका, शॉक, स्प्रिंगा हे तुमचं खातं आणि रिमोट माझं, अशी आपली वाटणी होती. मी कधी तुमच्या खात्यात नाक खुपसलं नाही. पण आता तुम्ही नाही, म्हणून खुपसलं. घरी येऊन तिला तिच्या स्टँडवर चढवलं आणि मागून नीट बघितलं. मागच्या चाकांचा ॲक्सल चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, चार दांड्यांनी धरलेला आहे, दोन लिंका खाली, दोन वर. वरच्या लिंकांच्या चासीकडच्या टोकाला एकाखाली एक भोकं आहेत, तिथे बोल्ट कुठल्या भोकात टाकायचा ते आपण ठरवायचं. आपला असायचा खालच्या भोकात. तुम्ही तो पार वर नेऊन ठेवलाय.

तुम्ही एकदा बोलता बोलता म्हणाला होतात, वरची आणि खालची लिंक मनातल्या मनात पुढे वाढवत न्यायची, त्या जिथे मिळतील तिथून गाडीचा स्वभाव ठरतो. मी मनातल्या मनात कशाला नेऊ, माझ्याकडे दोरा आहे. दोन्ही लिंकांना धरून दोरे ताणले, तर ते मिळाले कुठे, गाडीच्या टपाच्या वर, हवेत. त्या मानाने ही गाडी बेडकासारखी उडायला हवी. प्रत्यक्षात ती बसते. म्हणजे आपण काय करतोय ते तुमचं तुम्हालाच कळलेलं नाही, आणि असलं अर्धवट काम तुम्ही 'सेटिंग करून दिलं आहे' म्हणून माझ्या गळ्यात मारलंत. लिफ्ट दुरुस्त करतानाही असंच करता का? मला आता जिना बरा वाटायला लागलाय.

तुमची सासू

२ मार्च

लिफ्टवाले यांस,

तुमचं कार्ड आलं. 'चाकं जमिनीवर टेकवून मोजा.' अख्ख्या कार्डावर एवढंच. बाकीची जागा शेतजमिनीसारखी रिकामी.

चूक माझी निघाली याचा मला सगळ्यात जास्त संताप आला. स्टँडवर चाकं लोंबत असतात, ॲक्सल खाली ओघळलेला असतो, लिंका भलत्याच कोनात जातात. लोंबत्या गाडीचं माप म्हणजे टेबलावर ठेवलेल्या चष्म्याचं माप. आयुष्यभर दुकानात भिंगं घासली आणि गिऱ्हाइकांना एकच सांगत आले, चष्मा आधी नाकावर बसू दे, मग भिंगाचा मध्य ठरवू. आणि मी गाडी टांगून मोजली. हे दुकानात कळलं तर मालक हसत सुटेल.

तर बॅटरी घालून, तिचं पुरं वजन चाकांवर देऊन, जेवणाच्या टेबलावर पुन्हा दोरे लावले. बोल्ट तुमच्या वरच्या भोकात असताना वरची लिंक खालच्या लिंकेला जवळजवळ समांतर जाते. दोरे मिळता मिळत नाहीत, शेवटी पार दारापाशी जाऊन भेटले. मग बोल्ट काढून खालच्या भोकात धरला. वरची लिंक पुढे खाली उतरायला लागली आणि दोरे पुढच्या चाकापाशीच मिळाले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे आमचंच काम. भिंगातून गेलेले किरण जवळ मिळाले तर भिंग जोराचं, लांब मिळाले तर सौम्य. त्या बिंदूवर बोट ठेवावं असं काहीच नसतं, पण सगळा कारभार तिथून चालतो. लिंका जवळ मिळाल्या की ट्रिगरचा जोर गाडीची पाठ उचलतो आणि मागची चाकं दगडात दाबतो. लांब मिळाल्या की तो जोर अंगात जिरून जातो.

हे इतकं सरळ आहे. इतकी वर्षं खाणीतून परतताना आपण एका बसमध्ये बसायचो, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत यायचात. सांगायला काय झालं होतं? मला समजणार नाही असं वाटलं?

असो. म्हणजे तुम्ही चुकून नाही, समजून-उमजून तिला मवाळ केलंत. मी बोल्ट परत खाली टाकलाय. नट हातातून सारखा निसटत होता, शेवटी मुलीने लावून दिला. ती म्हणाली, "तुझे हात असे का होतायत?" मी म्हटलं, गारठा आहे. तिने पंख्याकडे बघितलं, तो चालू होता. रविवारी खाणीत जाते आणि मग तुम्हाला कळवते कोण म्हातारं झालंय.

तुमची सासू

१० मार्च

तुम्हाला माहीत होतं.

मला आधी घडलेलं सांगू दे, नाहीतर नुसत्या शिव्या लिहून होतील. खाणीत कोणी नव्हतं ते एक बरं झालं. खेकडीला उभ्या कातळाखाली ठेवलं, ट्रिगरवर बोट ठेवलं आणि अगदी हलकं ओढलं. ती उडाली. पाठ वर, पाठ खाली, वर, खाली, ताप भरलेल्या माणसासारखी थडथडत. मला वाटलं स्प्रिंग गेली. बोट सोडलं, थांबली. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच, आणि या खेपेस मागे कोलांटी खाऊन उताणी पडली. चाकं वर करून पडल्या पडल्याही मागचा ॲक्सल धडधडत होता. मी बोट सोडलेलं नव्हतं. मग मी बोटाकडे बघितलं.

ते थरथरत होतं. आजचं नाही ते. नवीन पेन, चहा, गारठा, सगळं मी तुम्हाला लिहीत आलेय, तुम्ही काय आंधळे आहात का. सुईत दोरा मी हल्ली शेजारणीकडून ओवून घेते आणि तिला सांगते चष्म्याचा नंबर वाढला. मी. चष्म्याच्या दुकानात केस पिकवलेली बाई.

खालच्या भोकात गाडी माझं बोट जसंच्या तसं मोठ्याने वाचून दाखवत होती. वरच्या भोकात ती तेच पोटात घालत होती. म्हणून तर तुम्ही बोल्ट वर नेलात. तुम्हाला दिसलं होतं. मुलीला दिसलं नाही, मला स्वतःला बघायचं नव्हतं, आणि तुम्ही मात्र बघितलंत, आणि केलंत काय, तर एक बोल्ट हलवलात. माणसाला तोंड असतं ना? "आई, हात कापतोय, दाखवून घेऊ" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? त्याऐवजी माझ्या नकळत माझ्या गाडीची समजूत घातलीत, तिला खोक्यात भरलंत, आणि मला एकटीला तिच्याबरोबर सोडून दिलंत.

माझा इतका अपमान कुणी केला नव्हता. यावर सही करत नाही.

२५ मार्च

लिफ्टवाले यांस,

या वेळी पानभर लिहिलंत. मी ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा रागाने अक्षरं दिसेनात.

गेल्या हंगामाच्या मध्यालाच तुम्हाला दिसलं होतं म्हणता. तेव्हाच बोल्ट मधल्या भोकात नेला होतात. आणि मी समजत होते की मी सुधारतेय. शेवटच्या फेरीत सगळे टाळ्या वाजवत होते, दाढीवाला म्हणाला, मावशींचा हात बघा कसा लोण्यासारखा आहे, आणि तुम्ही बाजूला उभे राहून मान हलवलीत. त्या टाळ्या मला तुम्हाला परत द्यायच्या आहेत. कशा देऊ ते सांगा.

आणि शेवटी लिहिता, 'सगळं मोडल्यावर आपल्याला असं काही सांगायचा हक्क राहिला नाही असं वाटलं.' हक्क? हात कापतोय हे सांगायला नातं सिद्ध करावं लागतं का? रस्त्यात कुणाच्या बुटाची नाडी सुटली तर अनोळखी माणूसही सांगतो.

मी मुलीला सांगितलं. जेवताना चमचा खाली ठेवला आणि हात तिच्यासमोर धरला. तिने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि ती रडली. मग तिने विचारलं, तुला कसं कळलं. मी पडले सरळ, सांगितलं. तुमची पत्रं, बोल्ट, सगळं. तर तिचं रडू जागच्या जागी थांबलं.

"त्याला वर्षभर माहीत होतं?"

"वर्षभर नाही, पण हो."

"आणि मी रोज तुझ्यासमोर बसतेय." तिने ताट बाजूला सारलं. "हेच तर, आई. माझ्या बाबतीतही असंच करायचा. मी शाळेतून चिडून आले की दुसऱ्या दिवशी घरातलं काहीतरी दुरुस्त झालेलं असायचं. कपाटाचं दार, नळ. काय झालं, असं एकदा विचारलं नाही. मला नळ नको होता."

तुमचं का बिनसलं ते मी विचारलं नव्हतं. न विचारता कळलं. लिफ्टवाले, मी तुमच्यावर रागावलेली आहेच, पण त्या रात्री पहिल्यांदा मला वाटलं की ती तुमच्यावर रागावली ते बरोबर होतं.

डॉक्टरकडे तिने नेलं. घाबरण्यासारखं नाही, कंपाचा विकार आहे, जीव घेणार नाही आणि जाणारही नाही. गोळी दिलीय, फरक पडेल किंवा पडणार नाही. मी विचारलं, रिमोट? डॉक्टरीण म्हणाली, टीव्हीचा का?

आता नीट वाचा. मी क्लबात जाऊन आपलं नाव पुन्हा घातलंय. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्हीही मला विचारलं नव्हतंत. चालक तुम्ही, वाटाड्या मी. बोल्ट खाली आहे आणि खालीच राहील, तुमचा हात चांगला आहे. मला तुमच्या संसाराशी देणंघेणं नाही, तो तुम्ही दोघांनी मोडलात. पण खाणीतली जोडी मी मोडू देणार नाही. मला तुम्ही हवे आहात. मुलीला हे तोंडावर सांगितलं, ती म्हणाली, "जा, मी सोडते तुला. मी गाडीतच बसेन."

तुम्ही आला नाहीत तर मी दोरीपाशी एकटी उभी राहीन आणि कुणी विचारलं तर खरं काय ते सांगेन.

तुमची सासू

१७ एप्रिल

लिफ्टवाले यांस,

आलात. उशिरा, कामाच्या कपड्यांत, पण आलात. त्याबद्दल मी काही बोलणार नाही, कारण बोलले तर चांगलं बोलावं लागेल.

हे पत्र त्यासाठी नाही. तुम्ही शेवटचं फाटक पार केलंत, रिमोट माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "गोळी लागू पडली वाटतं." तेवढ्यात तुमचा फोन वाजला, कुणीतरी कुठल्याशा इमारतीत लिफ्टमध्ये अडकलं होतं, आणि तुम्ही पळालात. गोळी. मला तिथेच ओरडावंसं वाटलं होतं.

ते फाटक मोठ्या दगडाच्या आड होतं. दोरीमागून तुम्हाला खेकडी दिसत नव्हती, मी दिसत नव्हते, दगडाच्या वर फक्त माझा हात दिसत होता. डावीकडे खड्डा, उजवीकडे काठी, मध्ये जेमतेम चाकापुरती जागा. मी बोट दाखवलं आणि ते डावीउजवीकडे वेड्यासारखं हलायला लागलं. तुम्ही थांबलात. मला तुमचा आवाज आला, "कुठे?" मी ओरडून सांगायला हवं होतं. तोंडाने सांगता येतं हे मला सुचलंच नाही. बघा, तुमच्याबरोबर राहून मीही तुमच्यासारखीच झाले.

तेवढ्यात कुणीतरी मागून माझं मनगट धरलं. खालून, घट्ट, भरलेलं भांडं धरतात तसं. मुलगी गाडीत बसून राहणार होती. कधी उतरली, दोरीखालून कधी वाकून आली, मला कळलंही नाही. शाळेत शिकवायला जाताना घालते ते बूट तसेच पायात, चिखलाने भरलेले. ती तुमच्याशी बोलली नाही, तुमच्याकडे बघितलंही नाही. माझ्या कानाशी एवढंच म्हणाली, "दाखव आता." मी दाखवलं. बोट हललं नाही, तुम्ही ट्रिगर ओढलात, खेकडीने पाठ उचलली आणि काठीला न शिवता निघून गेली. मी वळले तोवर ती परत गाडीकडे चालायला लागली होती.

पंचांनी ते फाटक रद्द केलं. जोडीत दोघंच, तिसरं माणूस दोरीच्या आत आलं, म्हणाले. मी त्यांच्याशी भांडले. इतकी भांडले की दाढीवाल्याने मला खुर्ची आणून दिली. पण नियम नियम आहे, त्यामुळे आपण शेवटून दुसरे आलो, आणि तुम्ही निघून गेल्यामुळे हे तुम्हाला अजून माहीतही नसेल.

गैरसमज नको. ती तुमच्यासाठी आली नव्हती, माझ्यासाठी आली होती. उगाच आशा धरून बसू नका आणि इथे येऊन कपाटाचं दारबिर दुरुस्त करू नका. पण दगडाच्या वर तुम्हाला जो हात स्थिर दिसला, तो एकटा माझा नव्हता. हे तुम्हाला कुणीतरी तोंडाने सांगायला हवं होतं, म्हणून मी सांगितलं. आता तिला काय सांगायचं राहिलं असेल ते तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा. पत्ता तुम्हाला माहीत आहे.

तुमची सासू